छातीशी धरलेलं पिल्लू

हवालदार धोंडीराम ज्याच्यावर माया करत त्याच्याकडे सरळ बघत नसत. बोलायला लागले की त्यांची नजर तुमच्या कानाच्या पाळीवर, नाहीतर सदऱ्याच्या बटणावर. आमच्या कॉलनीतल्या लोकांना ते लबाडीचं लक्षण वाटायचं. 'आँख नहीं मिलाता' असं त्यांच्यामागे बोललं जाई. शालिनी, माझी बायको, तीसुद्धा पहिल्या भेटीनंतर म्हणाली होती की माणूस चांगला दिसतोय, पण आत काहीतरी आहे. आत काहीएक नव्हतं. ही सवय त्यांना बबूनांनी लावली होती. त्या माकडांत एकमेकांच्या डोळ्यांत सरळ बघणं म्हणजे भांडण उकरून काढणं. भुवया वर उचलून, पापणीचा पांढरा भाग दाखवून बघितलं तर ते दात विचकण्याइतकंच वाईट. ज्याच्याशी गोडीनं राहायचं त्याच्याशेजारी जरा तिरकं बसायचं आणि दुसरीकडे बघायचं. हवालदार दिवसाचे दहा तास त्यांच्यात काढत, त्यामुळे माणसांशीही तसंच वागू लागले होते.

त्यांची हकीकत मी सांगतोय खरी, पण तीत माझी बाजू चांगली दिसणार नाही. ती दिसावी म्हणून मी दोनदा हे लिहून फाडलं. आता जसं घडलं तसं लिहितो.

गुडगाव तेव्हा गुरुग्राम झालं नव्हतं. सोहना रोडवर एका बिल्डरनं अरवलीच्या पायथ्याची जमीन घेऊन प्लॉट पाडले होते आणि त्याला 'हरितकुंज एस्टेट' असं नाव दिलं होतं. हरित म्हणावं तर चार निलगिरी आणि कुंज म्हणावं तर एक कमान. पण माहितीपत्रक गुळगुळीत होतं, आणि मी दिल्लीला केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बावीस वर्षं काढलेला. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागणार, गावाकडे आता कोणी नाही, मुलगी केतकी दिल्लीतच वाढलेली. तिला 'उंबरठा' म्हणजे काय हेही हिंदीतून सांगावं लागायचं. मग जायचं कुठे? मी १९९५ साली तिथे प्लॉट घेतला आणि दर रविवारी स्कूटरवरून तो बघायला जाऊ लागलो. बघायला म्हणजे मोहरीच्या शेतात रोवलेला एक सिमेंटचा खांब.

एस्टेटच्या एका टोकाला जुन्या दगडखाणीचा खड्डा होता. तो बुजवायला खर्च फार, म्हणून मालकानं त्यावर जाळी घातली आणि बंद पडलेल्या एका सर्कशीकडून सात बबून आणून आत सोडले. पत्रकात त्यालाच 'निसर्गाच्या कुशीत' म्हटलं होतं. आफ्रिकेतली ही माकडं, शेवाळी करड्या रंगाची, तोंड कुत्र्यासारखं लांब. गिऱ्हाईक बायकामुलांना घेऊन आलं की त्याला आधी खड्ड्यापाशी न्यायचे आणि मग नकाशा दाखवायचे.

त्यांच्या देखभालीला हवालदार आले ते कर्नल राजवीर यांच्यामुळे. कर्नलसाहेब फौजेतून निवृत्त होऊन या एस्टेटचे व्यवस्थापक झाले होते. एके काळी हवालदार त्यांच्याच हाताखाली, फौजेच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. खेचरांच्या जखमा धुणं, नाल बघणं, आजारी जनावरापाशी रात्र काढणं, हे त्यांचं काम. मूळचे साताऱ्याकडचे. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर लाल शाईची एकही नोंद नव्हती. फौजेत शिक्षा लाल शाईनं लिहितात. त्यांच्या डिस्चार्ज बुकात वर्तणुकीपुढे 'अनुकरणीय' असं लिहिलेलं होतं, आणि त्या पानाची प्रत त्यांनी फ्रेम करून पालमच्या दोन खोल्यांच्या घरात, देवाच्या फळीशेजारी लावली होती. त्यांची बायको कृष्णाबाई सणाला देवांना हार घालताना त्या फ्रेमलाही एक फूल वाहायची. आम्ही हसलो तर ती म्हणाली होती, "एवढंच कमावून आणलंय ह्यांनी. दुसरं काय आहे?"

रविवारी शालिनी डबा करून द्यायची. खड्ड्याच्या काठावर बसून हवालदार थालीपीठ खायचे आणि मला खाली काय चाललंय ते सांगायचे. मला माकडांत रस नव्हता, मला सावली आणि मराठी बोलायला माणूस हवा होता. पण ऐकता ऐकता गोडी लागली.

पहिले दोन महिने ते आत जाऊन नुसते पाठ करून बसत होते. खायचं टाकायचं, पाठ करायची आणि शेंगा सोलत राहायचं. बबूनांच्या कळपात नवा नर असाच शिरतो म्हणे. एकदम पुढाऱ्याशी पंगा घेत नाही. आधी एखाद्या साध्याशा मादीच्या आसपास राहतो, हळूच हुंकारतो, ओठ चपचप वाजवतो, तिनं उवा वेचू दिल्या की मग तिच्या ओळखीनं बाकीच्यांत. "आपण दिल्लीला आल्यावर बायकांनी हळदीकुंकवाला ओळखी काढल्या, तसंच की हो हे भाऊसाहेब," ते मला म्हणाले. मला ते भाऊसाहेब म्हणत. माझं नाव श्यामकांत आहे हे त्यांना बहुधा दोन वर्षं माहीतच नव्हतं.

त्यांनी सगळ्यांना नावं दिली होती. म्हातारा नर सुभेदार, तरुण नर नायक, थोरली मादी आक्का. सत्ता दिसायला सुभेदाराची, पण घर चालायचं आक्काच्या नावावर. नर येतात, जातात, हरतात. मादीचा मान मात्र आईकडून लेकीकडे येतो आणि मोडत नाही. आक्काची एवढीशी लेक इतर मोठ्या माद्यांना हुसकून शेंगा घ्यायची, आणि त्या निमूट बाजूला व्हायच्या. सकाळी हवालदार शिट्टी वाजवून गिनती, म्हणजे फौजेतली हजेरी, घेत. माकडं आपापल्या मानानं ओळीत येऊन बसत, तेव्हा कॉलनीची पोरं टाळ्या वाजवत.

एकदा मी गंमत म्हणून त्यांना ती हौदातल्या माकडिणीची गोष्ट सांगितली. आपल्याकडे लहानपणी सगळ्यांना सांगतात ती. हौदात पाणी चढत जातं, माकडीण पिल्लाला डोक्यावर घेते, आणि पाणी नाकाशी आलं की त्याच पिल्लाला पायाखाली घालून वर उभी राहते. हवालदारांनी घास खाली ठेवला. इतका राग आलेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "ज्यानं ही गोष्ट रचली त्यानं माकड पाळलेलं नाही. त्यानं माणसं बघून रचली आणि माकडावर ढकलली." मी हसून विषय बदलला.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला त्याच काठावरून दाखवली. सुभेदार चिडून नायकाच्या अंगावर धावला होता. नायक पळाला नाही. त्यानं शेजारचं काळं, गुलाबी तोंडाचं तान्हं पिल्लू उचललं आणि छातीशी धरलं. सुभेदार जागीच थांबला, जांभई दिल्यासारखे सुळे दाखवले आणि वळला. मी म्हटलं, वा, काय प्रेम. हवालदार म्हणाले, "प्रेम नाही भाऊसाहेब, ढाल आहे ती. पिल्लू पुढं धरलं की समोरचा चावत नाही. पोराला वाटतं, आपल्याला जवळ घेतलं." मी विचारलं, पिल्लाला कळत नाही? ते म्हणाले की ओळखीच्या नराकडेच पिल्लू गप्प राहतं, म्हणून नर आधी त्याच्याशी ओळख वाढवून ठेवतो. पण एखादं पिल्लू घाबरून ओरडलं, तर मग नराची खैर नाही. सगळा कळप त्याच्यावर तुटून पडतो, आक्का सगळ्यांच्या पुढे.

हे सगळं मला तेव्हा फार गमतीचं वाटलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते रंगवून सांगायचो.

१९९९ चा उन्हाळा वाईट गेला. एस्टेटमध्ये बंगले उठले होते, क्लब झाला होता, क्लबपुढे कारंजं आणि पोहण्याचा तलाव. बोअरचं पाणी कमी पडू लागलं, तेव्हा खड्ड्याची पाइपलाइन तोडून क्लबला जोडली गेली. हवालदारांनी कर्नलसाहेबांना तीनदा सांगितलं. तोंडी सांगितलं. लेखी द्या असं मी म्हटलं तर त्यांना ते साहेबांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं. साहेबांनी तिन्ही वेळा पाठीवर हात ठेवून 'हो जाएगा धोंडी' म्हटलं होतं. हवालदार लांबच्या टाकीवरून बादल्या वाहत राहिले. पंचेचाळीस डिग्रीत दिवसाला चाळीस बादल्या, पन्नाशीच्या माणसानं. तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन पिल्लं गेली.

आक्काची लेक एव्हाना आई झाली होती, ती आपलं मेलेलं पिल्लू सोडेना. चार दिवस ते छातीशी घेऊन फिरली. माशा वारायची, त्याचे केस विंचरायची, तीन पायांवर चालत पाण्याच्या हौदापाशी न्यायची. चौथ्या दिवशी ते कातडं झालं, तेव्हा तिनं ते हवालदारांच्या पायाशी ठेवलं आणि बाजूला जाऊन बसली. हवालदारांनी ते खाणीच्या वर पुरलं. मी त्या रविवारी गेलो तेव्हा ते मला म्हणाले की आता त्या गोष्टीतली माकडीण मला दाखवाच.

पिल्लं मेल्याचं एका बंगल्यातल्या मुलीनं प्राणिमित्र संस्थेला कळवलं. त्याच सुमारास परवानगीशिवाय असे प्राणी ठेवणाऱ्यांवर सरकारी बडगा उगारला जात होता. तपासणी होणार अशी कुणकुण लागली. कर्नलसाहेबांनी हवालदारांना ऑफिसात बोलावलं, चहा पाजला, समोर इंग्रजी टाइप केलेला कागद ठेवला आणि बोट ठेवून म्हणाले, "धोंडी, इधर साइन कर दे।" हवालदारांनी सही केली.

माझ्या ऑफिसातल्या शहाण्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असा कसा वाचल्याशिवाय सही करतो माणूस? त्यांना फौज माहीत नाही. ज्याच्या बोटाखाली वर्षानुवर्षं सही केली, रजा, बढती, बर्फातली पोस्ट, लढाई, सगळं ज्या बोटानं दाखवलं, त्या बोटाला विचारायचं काय? कागद वाचणं म्हणजे साहेबाला चोर म्हणणं. हवालदारांनी आयुष्यात एकच चूक केली आणि ती निष्ठेपोटी केली.

तरीही त्यांच्या मनात कुठेतरी खटकलं असावं. कृष्णाबाईनंच त्यांना माझ्याकडे पाठवलं, हे मला नंतर कळलं. ते कागदाची झेरॉक्स घेऊन आर. के. पुरमला आले, चपला दाराबाहेर काढल्या, माझ्या बटणाकडे बघत म्हणाले, "भाऊसाहेब, ह्यात काय लिहिलंय तेवढं सांगा. माझ्या नावाला काय डाग लागणार नाही ना, एवढंच बघा."

मी कागद वाचला. पाच ओळींचा होता. त्यात लिहिलं होतं की हे सर्व प्राणी हवालदार धोंडीराम यांच्या खाजगी मालकीचे आहेत, त्यांनी ते स्वतःच्या हौसेनं पाळले आहेत, एस्टेटनं फक्त माणुसकीच्या नात्यानं जागा वापरू दिली आहे, आणि त्यांच्या जिवाची सर्व जबाबदारी त्यांची. सरकारी नोकरीत तीस वर्षं मसुदे वाचणाऱ्या माणसाला हे कळायला किती वेळ लागतो? मला एका ओळीत कळलं. अजून वेळ होता. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाऊन सही मागे घेता आली असती, तपासणी करणाऱ्यांना आधीच लिहिता आलं असतं.

पण माझ्या प्लॉटचं ताबापत्र कर्नलसाहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. चार महिने पडलं होतं. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष होतं, आणि प्लॉट बागेसमोरचा, कोपऱ्यावरचा. त्यावर आणखी दोघांचा डोळा होता हेही मला ठाऊक होतं. हवालदारांना हा कागद कोणी समजावला, हे कर्नलसाहेबांना कळायला एक दिवससुद्धा लागला नसता. पाणी नाकाशी आलं होतं म्हणा.

मी कागद घडी करून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "काही नाही हो. फॉर्मॅलिटी आहे. निर्धास्त राहा."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. शालिनीनं दिलेला चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला, केतकीला अभ्यास कर म्हणाले आणि गेले. बारा दिवसांनी मला ताबापत्र मिळालं. आम्ही गणपतीपुढे ठेवून पेढे वाटले. हवालदारांनाही दिले.

तपासणी झाली, आणि नोटीस आली ती हवालदारांच्या नावानं. परवानगीशिवाय प्राणी ठेवणं आणि हयगयीनं दोन प्राण्यांचा जीव घेणं. तरी त्यांचा साहेबांवरचा विश्वास उडाला नाही. साहेब बघून घेतील, त्यांनी सांगितलंय, असं ते कृष्णाबाईला म्हणत राहिले. साहेबांनी खरंच सांगितलं होतं. पंधरा ऑगस्टला मेडल लावून ये, असंही सांगितलं होतं.

कारगिल नुकतंच संपलं होतं. त्या वर्षी छातीवर मेडल असलेल्या माणसाला दिल्लीत बसमध्ये जागा मिळायची. क्लबच्या हिरवळीवर झेंडावंदन झालं, कागदी बशांतून सामोसे आणि बुंदीचे लाडू फिरले. साठ-सत्तर कुटुंबं होती. आणि प्राणिमित्र संस्थेच्या सुनयना मॅडम फोटोग्राफरला घेऊन आल्या होत्या. सगळे एका जागी सापडतील म्हणूनच त्यांनी तो दिवस निवडला असणार. त्यांनी सरळ कर्नलसाहेबांनाच विचारलं की दोन पिल्लं तहानेनं मेली आणि पलीकडे कारंजं उडत होतं, याला जबाबदार कोण.

कर्नलसाहेब गडबडले नाहीत. त्यांनी हात लांब केला, हवालदारांना खांद्याला धरून जवळ ओढलं आणि आपल्या छातीपुढे उभं केलं. हवालदारांची मेडलं खणखणली. साहेब म्हणाले, हा आमचा जवान, देशासाठी लढलेला, साधा माणूस आहे, जनावरांचा शौक, चूक झाली त्याच्याकडून, आपण सगळ्यांनी त्याला सांभाळून घ्यायला हवं. सुनयना मॅडमचा आवाज एकदम उतरला. मेडल लावलेल्या गरीब माणसाला कोण चावणार? फोटोग्राफरनंही कॅमेरा खाली केला. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मी पाच हातांवर उभा होतो. नायकाच्या हातातलं काळं पिल्लू मला लख्ख आठवलं. हवालदारांनाही आठवलं असावं, कारण त्यांनी मान वळवून खांद्यावरच्या त्या हाताकडे पाहिलं. आणि मग ते ओरडले.

शब्द नव्हते त्यात. चोवीस वर्षं फौजेत आणि नंतर इथे ज्या माणसानं साहेबापुढे आवाज चढवला नव्हता, त्याच्या पोटातून ती किंकाळी आली. टाळ्या थांबल्या. मग त्यांना शब्द सापडले. "मी केलं नाही. पाणी ह्यांनी तोडलं. मी तीनदा सांगितलं, तीनदा. कागद मला वाचता येत नाही." ते हिंदीत आणि मराठीत एकदम बोलत होते. पलीकडे, हिरवळीच्या टोकाला, खड्ड्याच्या जाळीवर धाडधाड आवाज झाला. आक्का वर चढून आली होती. तिच्यामागे तिची लेक, मागे माद्या, सुभेदार, नायक. जाळी दोन्ही हातांनी हलवत, दात विचकत, कर्नलसाहेबांच्या दिशेनं सगळी भुंकत होती. बायकांनी पोरांना मागे घेतलं.

हिरवळीवरचं माणूस एकही हललं नाही.

तेव्हा हवालदारांनी गर्दीत मला शोधलं. म्हणाले, "भाऊसाहेबांनी कागद वाचलाय. आमचे आहेत ते, खोटं बोलायचे नाहीत. विचारा त्यांना."

सत्तर कुटुंबांनी माझ्याकडे पाहिलं. कर्नलसाहेबांनीही पाहिलं, अगदी शांतपणे. माझ्या हातात सामोशाची बशी होती, आणि बागेसमोरच्या कोपऱ्यावरच्या प्लॉटवर पायाचे खड्डे खणून झाले होते. शालिनी माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्या कोपराला हात लावला. तो हात कशासाठी होता हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

मी म्हणालो, "मुझे ऐसा कुछ याद नहीं।" मराठीत ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं.

दोन सिक्युरिटीवाल्यांनी हवालदारांना दंडाला धरून फाटकाकडे नेलं. ते ओरडले नाहीत. जाळीवरची माकडं मात्र ते फाटकाबाहेर जाईपर्यंत भुंकत होती, आणि मग थकून एकेक करून खाली उतरली. ध्वनिक्षेपकावर कोणीतरी देशभक्तीपर गाणी पुन्हा लावली.

पुढचं थोडक्यात सांगतो. खटला चालला, दंड झाला, दंड फार नव्हता. पण आता त्यांच्या नावावर पोलीस ठाण्यात नोंद झाली. एका बँकेत पहारेकऱ्याची नोकरी ठरली होती, ती चारित्र्याच्या तपासणीत गेली. ऑक्टोबरात सरकारी ट्रक येऊन बबूनांना घेऊन गेला. नरांना एका गावच्या प्राणिसंग्रहालयात नेलं, माद्यांना दुसऱ्या गावच्या. आक्काला पिंजऱ्यात घालायला चार तास लागले. हवालदारांच्या शिट्टीवर ती दोन मिनिटांत आली असती, पण त्यांना फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. ते सकाळपासून रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याच्या बाकावर बसून होते. शिट्टी गळ्यात होती. ट्रक समोरून गेला तेव्हाही त्यांनी ती वाजवली नाही. पंक्चरवाल्यानं विचारलं तर म्हणाले, शिट्टी वाजवली तर त्यांना वाटेल मीच पाठवलं. खड्डा पुढे बुजवला गेला, तिथे आता टेनिस कोर्ट आहे.

माझं घर झालं. वास्तुशांतीला दिल्लीतली सगळी मराठी मंडळी आली होती. त्यानंतर सहा महिन्यांनी, शालिनी माझ्याशी धड बोलेना म्हणून म्हणा, नाहीतर रोज सकाळी खिडकीतून ते कोर्ट दिसतं म्हणून म्हणा, मी पालमला गेलो. जाताना मनाशी बरंच जुळवलं होतं. मलाही कर्नलसाहेबांनी अडकवलं असतं, माझ्यामागेही बायको आणि मुलगी आहे, वगैरे. सगळं खरं होतं आणि एकही शब्द कामाचा नव्हता.

कृष्णाबाईनं दार उघडलं. आत या म्हणाली, पाणी दिलं, तिची रीत तिनं सोडली नाही. देवाच्या फळीशेजारी भिंतीवर चौकोनी पांढरट जागा होती. फ्रेम नव्हती. मी तिकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "ह्यांनीच काढली. खोटं लावून कशाला ठेवायचं म्हणाले." मी म्हणालो, खोटं नाही हो ते.

हवालदार खाटेवर बसून शेंगा सोलत होते. बारीक झाले होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि जुळवलेलं बोलायला सुरुवात केली. चूक झाली हवालदार, एवढंच मराठीत जमलं.

त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. चार वर्षांत मी कितीदा त्यांच्याशेजारी बसलो असेन, त्यांची नजर माझ्या पहिल्या बटणाच्या वर कधी आली नव्हती. आता ती वर आली. माझ्या डोळ्यांत त्यांनी सरळ पाहिलं, भुवया उचलून, पापणी न हलवता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी खाली बघितलं, चपला घातल्या आणि निघालो.